काळ्या सुटला का?

अवो, ऐकतासा न्हवं?

मी बोलतीय आन् सूनबाई, मेघा, टाइप करतीय. हितल्या मंडळाचा अंक निघणार हाय, त्यात यंदा गेलेल्या माणसांवर चार-चार ओळी घालणार हायत. मेघा म्हणाली, "आई, बाबांबद्दल सांगा. जन्म कुठला, काम काय करायचे, मागे कोण कोण." मी म्हटलं, ते सगळं त्यांना म्हाईतच हाय की. त्यांना सांगायचं ते वेगळंच हाय. मग ती म्हणाली, तेच सांगा. म्हणून बसलीय.

तुम्ही आता आपल्या खोलीतल्या कपाटात हायसा, वरच्या फळीवर. करड्या रंगाचा डबा, झाकण घट्ट. बाजूला माझी शाल आन् तुमची कानटोपी. कपाटाचं दार मी उघडंच ठेवते. मेघानं दोनदा लावलं, मी दोनदा उघडलं. तिसऱ्यांदा तिनं काय केलं न्हाई. बंद दारामागं बसायची आपल्याला सवय न्हाई, आन् गेलं वर्षभर दुसरं काय केलंच न्हाई आपण.

हितं आलो तवा तुम्हाला पहिली रात झोप लागली न्हाई. दुसरीही न्हाई. मला वाटलं, विमानाचं असंल. मग तुम्ही म्हणालासा, "अगं, हितं आवाजच न्हाई." जन्म गेला मागाच्या खटखटीत. इचलकरंजीत रात्री वीज गेली, माग थांबले, की सगळी गल्ली जागी व्हायची, आठवतंय? आवाज थांबला म्हणून जाग यायची. आन् हे टार्निट, पोराचं परदेशातलं गाव. एकासारखं एक घर, रस्त्यावर माणूस न्हाई, कुत्रं न्हाई, भाजीवाला न्हाई. थंडीत आपल्या सुहासनं हीटर लावला, तो छतातनं घरघरायचा. तुम्ही वर बघून म्हणायचासा, "लांब कुठंतरी चालल्यात बघ माग." आन् तेवढ्यावर झोपायचासा.

पोरीचं बाळंतपण नव्हतं, कुणाचं लग्न नव्हतं. नुसतं पोराचं घर बघायला आलो होतो. सहा महिने राहायचं, नातीला मांडीवर घ्यायचं, आन् परत. मग तो रोग आला आन् विमानं थांबली. व्हिसा वाढवायला सुहास कॉम्प्युटरवर बसायचा, आपण दोघं त्याच्या मागं उभं राहायचो, हेडमास्तरपुढं उभं असल्यागत. घरात सुहासची मीटिंग, मेघाची मीटिंग, इराची शाळा, सगळं स्क्रीनवर. आपण काय बोललो की कुणीतरी तोंडावर बोट ठेवायचं. तुम्ही एकदा शिंकलासा तर सुहासच्या साहेबानं तिकडनं "ब्लेस यू" म्हटलं. बाहेर जायचं तर तोंड बांधून, ठरलेल्या अंतराच्या आत, ठरलेल्या वेळात. तुम्ही म्हणालासा, "ह्यापरीस जेल बरा. जेलात निदान घंटा तरी वाजते."

त्यात ते कार्टून आलं.

खरं सांगायचं तर मला आधी राग आला होता. सुहासनं जुना टीव्ही गॅरेजमध्ये लावून दिला, म्हणजे आवाज झाला तरी चालंल. दोन खुर्च्या, एक गादी, गोधड्या. इराची शाळा सुटली की ती तुमचा हात धरून न्यायची. "आजोबा, कम ऑन, स्टार्ट होतंय." जपानचं कार्टून. त्याचं नाव लांबलचक, मला शेवटपर्यंत घेता आलं न्हाई. मोठमोठी लोखंडाची माणसं, मिठाच्या वाळवंटात अर्धी पुरलेली, आन् त्यांना उठवणारी लहान पोरं. इरा म्हणाली रोबो. तुम्ही म्हणालासा लोखंडे. मी विचारलं, "कोण लोखंडे? आपल्या गावातले?" तर तुम्ही दोघं असं हसलासा की वरनं मेघानं जमिनीवर पाय आपटला.

तुम्हाला ते का आवडलं ते मला तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं. मी चहा घेऊन आले तर टीव्हीत एक लोखंड्या उठत होता. गुडघे, कंबर, खांदे, एकेक सांधा. खट, खट, खट, खटाक. तुम्ही डोळे मिटून बसला होतासा. पोरगी म्हणत होती, "आजोबा, झोपू नको, हाच तर बेस्ट पार्ट आहे." तुम्ही झोपला नव्हतासा. तुम्ही ऐकत होतासा.

भाषा कुणाला कळत होती? बोलणं इंग्रजीत. इरा आपल्याला सांगायची तिच्या मराठीत. "आजोबा, तो बोलते की मी घाबरला, पण मी जाईल." आन् तुम्ही मध्येच आपलं घालायचासा. "ए मुकादम, तेल घाल की आधी त्याला! गुडघा बघ कसा वाजतोय!" एकदा राक्षस आला, सगळी पोरं ओरडायला लागली, तर तुम्ही म्हणालासा, "सरका बाजूला, हा दिवाळीचा बोनस बुडवणारा मालक दिसतोय." इरानं विचारलं, "बोनस म्हणजे?" आन् तुम्ही तिला कार्टून थांबवून अख्खा संप सांगितलासा. पोर ऐकत बसली. तिला वाटलं, हा पण त्याच गोष्टीतला भाग हाय.

त्यातला काळा लोखंड्या तुमचा लाडका. त्याचंही काहीतरी जपानी नाव होतं, तुम्ही काळ्या म्हणायला लागलासा, मग इराही म्हणायला लागली. तो पक्षी व्हायचा. हात मागं वळायचे, पाय पोटात जायचे, डोक्याची चोच व्हायची. त्याला उठवायला कळ न्हाई, किल्ली न्हाई. पोरानं त्याच्या छातीवर तळहात ठेवायचा आन् खरं बोलायचं. गोड बोललं तर हलायचा न्हाई. मोठ्या बाता मारल्या तर हलायचा न्हाई. मनात जे हाय तेच बोललं की डोळे पेटायचे.

तुम्ही म्हणालासा, "म्हणजे हा आपला पिंडाचा कावळा झाला की."

इरानं विचारलं ते काय. मी म्हटलं, अवो, लहान पोरीला काय सांगतासा. पण तुम्ही सांगितलंसाच. माणूस गेला की दहाव्या दिवशी भाताचा पिंड ठेवतात. कावळा शिवला तर माणूस मोकळा झाला. शिवला न्हाई तर त्याचं काहीतरी राहिलंय. मग घरच्यांनी एकेकानं पुढं होऊन बोलायचं, तुझं अमुक करतो, तमुक सांभाळतो. त्याला हवं ते नेमकं कुणी बोललं की कावळा येतो. इरानं सगळं ऐकलं आन् म्हणाली, "सो द क्रो इज अ रोबो?" तुम्ही म्हणालासा, "व्हय. उलटं म्हणलीस तरी चालंल."

त्या कार्टूनचं नुसतं कार्टूनच नव्हतं. एक संपलं की त्याचं दुसरं, त्याचे सिनेमे, पत्ते, पायमोजे, दप्तरं. इराच्या वाढदिवसाला काळ्याचं खेळणं आलं, वितीएवढं, खरोखर घडी होऊन पक्षी होणारं. आठवड्यात त्याचा एक पंख खांद्यातनं निखळला. पोर रडून रडून लाल. तुम्ही सुहासकडं पक्कड मागितलीसा. त्याच्याकडं पक्कड न्हाई! एवढं मोठं घर, दोन गाड्या, आन् फर्निचरबरोबर आलेल्या वाकड्या चाव्या सोडून हत्यार न्हाई. तुम्ही मेघाच्या केसातली पिन मागून घेतलीसा, दातानं वाकवलीसा, दातही हलणारे तुमचे, आन् पंख बसवून दिलासा. पहिल्यापेक्षा जरा घट्ट. उघडताना खट आवाज यायचा. इरा म्हणाली, "आता हा खरा काळ्या आहे."

ते तुमच्या हातचं शेवटचं काम. तवा कुणाला म्हाईत होतं?

मग ती सीट आली.

आपलं सरकार अडकलेल्या माणसांना न्यायला विमानं सोडत होतं, सुहासनं दोघांची नावं घातली होती. एक दिवस फोन आला. एक जागा हाय. माझी. तुमची न्हाई. का, ते कुणी सांगितलं न्हाई. आपण जेवायला बसलो होतो. तुम्ही ताटावरनं मान वर न करता म्हणालासा, "जा. तू तरी सुट."

"आन् तुम्ही?"

"मी येतोच की मागच्या विमानानं. विमान काय लाल गाडी हाय, चुकली म्हणजे चुकली?"

"तुमचं पथ्य कोण बघंल?"

"मेघा हाय."

"मेघाला मीटिंगमधनं पाणी प्यायला उठता येत न्हाई."

"अगं, मी काय लेकरू हाय? जा म्हणतोय तर जा. घर बंद हाय, भिंतीला ओल आली असंल. कुणीतरी दार उघडाय पाहिजे."

मी जाणार न्हाई म्हटलं. तुम्ही मूर्ख म्हणालासा मला. सुनेपुढं. मी ताट उचललं आन् दोन दिवस तुमच्याशी बोलले न्हाई. "इरा, आजोबांना सांग चहा झालाय." "इरा, आजीला सांग साखर कमी हाय." पोरगी आतनं बाहेर, बाहेरनं आत. तिला गंमत वाटत होती. मला वाटत नव्हती, आन् तुम्हालाही न्हाई, हे मला तुमच्या पाठीवरनं दिसत होतं.

तवाच त्या कार्टूनात तो दरवाजा आला. बॉबकटवाली जी पोरगी, काळ्याची जोडीदार, तिला घरी जायचा रस्ता सापडला. मिठातनं एक दार वर आलं. पण दार माणसाच्या उंचीचं. काळ्या मावणार न्हाई त्यात. आन् दार एकदा बंद झालं की परत कधी उघडंल, ते कुणाला म्हाईत न्हाई.

तुम्ही टीव्हीला सांगायला लागलासा, "जा गं पोरी. जा. आई वाट बघत असंल. यंत्र हाय ते, यंत्रासाठी कोण थांबतं?"

मला बोलायचं नव्हतं तुमच्याशी. पण राहवलं न्हाई. मी म्हटलं, "पुरात मागांसाठी कोण थांबलं होतं?"

तुम्ही कानटोपी कानावर ओढलीसा.

इरानं विचारलं, "कुठला पूर?" मग मीच सांगितलं तिला. पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं, मागाच्या शेडमध्ये कमरेएवढं. आपण माळ्यावर, सुहास तिच्याएवढा, चुरमुऱ्याची पिशवी आन् एक घागर. होडी आली. होडीवाला म्हणाला चला. तुम्ही आम्हा दोघांना उतरवून दिलंसा आन् स्वतः माळ्यावरच राहिलासा. मालक किल्ली देऊन गेलाय, म्हणालासा. पाणी उतरेपर्यंत त्या बुडालेल्या मागांवर राखण करत बसलासा. मी शाळेच्या खोलीत, पोराला छातीशी धरून, रोज पाणी बघत.

"ते वेगळं," तुम्ही म्हणालासा.

"कसं वेगळं?"

"त्यानं विश्वासानं किल्ली दिली होती."

"आन् तुमच्या आईनं विश्वासानं तुम्हाला माझ्या हाती दिलं, ते काय होतं? कुलूप?"

इरा खो खो हसली. तुम्हीही हसलासा, पण तोंड टीव्हीकडं करून. म्हणालासा, "तवा तू होडीत बसलीस म्हणून मी माळ्यावर निवांत बसू शकलो. हे तुला कधी कळलंच न्हाई." आन् मी म्हटलं, "तुम्ही माळ्यावर बसलासा म्हणून मी तिकडं निवांत नव्हते. हे तुम्हाला कधी विचारावंसं वाटलं न्हाई." एवढंच झालं. भांडण तितंच राहिलं. ती सीट दुसऱ्या कुणाला तरी गेली, कारण सुहास विचारायला आला तवा मी पोळ्या लाटत होते आन् मान हलवली. तुम्ही परत त्यावर बोलला न्हाईसा. जिंकलासा म्हणून गप्प होतासा की हरलासा म्हणून, ते मला अजून कळलेलं न्हाई.

शेवटच्या आधीचा भाग बघितला, त्यात दार उघडलेलं, पोरीचा एक पाय आत, आन् काळ्या बाहेर गुडघ्यावर. तितंच संपला. इरा म्हणाली, "आजोबा, उद्या लास्ट एपिसोड. प्रॉमिस, माझ्याशिवाय नाही बघायचा." तुम्ही प्रॉमिस म्हणालासा.

संध्याकाळी तुमचा दम वाढला. मागावरच्या कापसानं लागलेला दम तुमचा, तो काय नवा न्हाई. पण ह्या वेळी ओठ निळे झाले. अॅम्ब्युलन्सवाले नखशिखान्त झाकून आले, नुसते डोळे दिसत होते. इरा दारात उभी होती, काळ्याला धरून. तुम्ही स्ट्रेचरवरनं तिला म्हणालासा, "बघ, लोखंडे आले न्यायला." पोर हसली. मी हसले न्हाई. मला तुमच्याबरोबर बसू दिलं न्हाई. सुहासलाही न्हाई. तो रोग तुम्हाला झालाच नव्हता, तपासलं तर निघाला न्हाई, पण नियम म्हणजे नियम.

तितं तुमच्या जवळ एक पंजाबी नर्स होती. चांगली होती. स्वतःच्या फोनवरनं लावून द्यायची आन् तुमच्या तोंडापुढं धरायची. "अम्माजी, बोलिए, सुन रहे हैं." काय बोलायचं? जन्मभर आपण फोनवर कधी बोललोच न्हाई, एका घरात राहणाऱ्यांना फोन कशाला लागतोय? मी म्हटलं, जेवलासा का. तुम्ही मान हलवलीसा. मी म्हटलं, पांघरूण पुरतंय का. परत मान. मग तुम्ही तोंडावरची ती ऑक्सिजनची टोपली जरा बाजूला केलीसा आन् विचारलंसा, "काळ्या सुटला का?"

मी म्हटलं, "अजून बघितलं न्हाई. तुम्ही आल्यावर."

"बरं," म्हणालासा.

हे आपलं शेवटचं बोलणं. एवढी वर्षं संसार केला आन् शेवटचं बोलणं एका कार्टूनवर. आधी मला त्याची लाज वाटायची. आता वाटत न्हाई. दुसऱ्या कशाबद्दल विचारलं असतंसा तर मला उत्तर देता आलं नसतं.

तुम्हाला न्यायच्या दिवशी मोजकी माणसं. तोंड बघू दिलं, पण लांबनं. मला पाय शिवायचे होते. एक गोरी बाई फार अदबीनं आडवी आली, हात पसरून, मला न शिवता. पेटी सरकली आन् सुहासला बटण दाबायला लावलं. बटण. मी म्हटलं, बरोबर हाय, जन्मभर बटण दाबून माग चालू केले, तसंच हेही. रडले न्हाई. मेघा म्हणाली, "आई, रडा हो जरा." मी म्हटलं, घरी गेल्यावर. तिला वाटलं हे घर.

दहावा हितंच केला, मागच्या अंगणात. सलून बंद, म्हणून मेघानं दाढीच्या मशिननं सुहासचं डोकं भादरलं. मध्येच मशिनचं चार्जिंग गेलं. अर्धं डोकं काळं, अर्धं पांढरं, तसाच पोरगा खुर्चीत बसून राहिला चार्जिंग होईपर्यंत. तुम्ही असतासा तर म्हणाला असतासा, "मागावरचा सुताचा बीम बदलायला थांबलंय काय रे?" गुरुजी स्क्रीनवर, स्टुलावर उभे केलेले. वारा असा की दोनदा गुरुजी पालथे पडले.

दहाव्याच्या आदल्या दिवशी परत फोन आला होता. परत एक जागा. माझी. पुढच्या आठवड्यात. तुमच्या डब्याची कागदं व्हायला वेळ लागणार, कचेऱ्या बंद, किती लागंल कुणी सांगत न्हाई. सुहास माझ्याजवळ येऊन बसला. "आई, तू जा. सुटशील तू. बाबांना मी आणतो नंतर, बॉर्डर उघडली की." तुमचाच शब्द त्याच्या तोंडात, सुटशील. मी म्हटलं, उद्या सांगते.

पिंड ठेवला. सगळे मागं सरलो. हितला कावळा तुम्हाला म्हाईत हाय, लहान पोर रडल्यासारखा ओरडतो. एक येऊन लाकडी कुंपणावर बसला. मोठा, काळाभोर, पांढऱ्या डोळ्याचा. बघत बसला. पुढं येईना.

गुरुजी म्हणाले, "बोला, यजमान. काही इच्छा राहिली असेल त्यांची."

सुहास पुढं झाला. हात जोडले. "बाबा, आईला पुढच्या आठवड्यात घरी पाठवतो. तुम्हाला दिवाळीपर्यंत पंचगंगेवर नेतो. नक्की नेतो."

कावळ्यानं मान वळवली आन् शेजारच्या छपराकडं बघितलं.

मेघा म्हणाली, "बाबा, आईंची काळजी करू नका. सगळं छान होईल."

कावळा पंख साफ करायला लागला.

वाऱ्यानं कपडे वाळवायची ती छत्री किर्र करून फिरत होती. आन् इरा म्हणाली, "डॅड, असं नाही. नाइस थिंग नाही बोलायचं. ट्रू थिंग बोलायचं."

"इरा, नॉट नाऊ," सुहास म्हणाला.

"पण आजोबांनीच सांगितलं. क्रो इज अ रोबो."

सुहासचा चेहरा असा झाला, मला वाटलं हात उगारतो आता. कधी उगारला न्हाई त्यानं. मी त्याला बाजूला केलं आन् पुढं झाले. हात जोडले न्हाई. तुमच्यापुढं कधी जोडले होते?

मी म्हटलं, "अवो, दिवाळीचं काय खरं न्हाई. कधी नेता येईल कुणाला म्हाईत न्हाई. सगळं बंद हाय. मलाही हितं कोंडल्यासारखं होतंय, रोज होतंय, खोटं कशाला बोलू. घराला ओल आली असंल, येऊ दे. पण तुम्हाला फळीवर ठेवून मी विमानात बसणार न्हाई. एकदा होडीत बसले, ते पुरे झालं. तुम्ही मूर्ख म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. जाऊ तवा दोघं जाऊ."

आता तुम्हाला वाटंल कावळा आला. न्हाई आला. उडाला आन् शेजाऱ्याच्या पन्हाळीवर जाऊन बसला, आमच्याकडं पाठ करून. मला तर हसूच आलं. म्हटलं, हे अजून भांडतायत.

गुरुजी म्हणाले, "थंडी फार आहे, यजमान. दर्भाचा कावळा करा आणि त्यानं स्पर्श करा, चालतं शास्त्राला." आता दर्भ कुठला? पुडीत होता तेवढा सुहासच्या बोटातल्या पवित्रकाला गेला होता. सुहास लॉनवरचं गवत उपटायला लागला. यंत्रानं कापलेलं, बोटभर गवत, ओलं, त्याची गाठसुद्धा बसंना. त्या भादरलेल्या डोक्यानं पोरगा गुडघ्यावर बसून गवताला गाठी मारतोय आन् गवत सुटतंय. परत मारतोय, परत सुटतंय. माझ्यानं बघवेना.

इरा आत पळाली आन् काळ्याला घेऊन आली.

"नो," सुहास म्हणाला. "आई, तिला सांग. ते खेळणं आहे."

मी म्हटलं, "आन् दर्भाचा कावळा तरी कुठं खरा असतोय?"

सगळ्यांनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजी थोडा वेळ हललेच न्हाईत, मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाले, "आजी, पोथीत हे नाही. पण यंदा पोथीत नाही ते बरंच करतोय मी. करा."

इरानं त्याला पिंडापुढं धरलं आन् घडी घालायला लागली. हात मागं. खट. पाय पोटात. खट. चोच बाहेर. मग तुम्ही बसवलेला पंख, मेघाच्या पिनेवरचा. तो जरा अडला, तुमचा तो घट्टच होता, तिनं दात चावून ओढला. खटाक.

अवो, तुमचा आवाज होता तो. दुसऱ्या कुणाचा न्हाई.

तिनं चोच पिंडाला टेकवली. भाताची दोन शितं चिकटली चोचीला. सुहास तितंच गवतात बसून रडला, लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडून. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस नसलेलं डोकं, गार. मी म्हटलं, "ती सीट दुसऱ्या कुणाला तरी दे. कुणीतरी वाट बघत असंल."

तर असं हाय. कागदं अजून आली न्हाईत. बाहेर जायचं तर अजूनही तोंड बांधून. दिवस वळत न्हाई, रात सरत न्हाई, आन् हीटर आता बंद झालाय, उन्हाळा लागला, तवा लांबचे मागही थांबले. इरा कधीकधी माझ्या खोलीत येते आन् काळ्याची घडी उगीचच घालते आन् उलगडते. तिला सांगितलेलं न्हाई मी, पण तिला कळलंय. मी डोळे मिटून ऐकते. इरा विचारते, "आजी, झोपली?" मी न्हाई म्हणते.

शेवटचा भाग ती बघायला तयार नव्हती. "मी प्रॉमिस केलं होतं. आजोबांनी पण." मी म्हटलं, तू त्यांच्याशिवाय बघणार न्हाईस असं कुठं म्हणाली होतीस? ते तुझ्याशिवाय बघणार नव्हते. तिनं बराच विचार केला. मग आम्ही गॅरेजमध्ये गेलो. तुमच्या खुर्चीवर मी तुम्हाला ठेवलं, डब्यासकट, वर कानटोपी. गार असतंय तितं. मेघा चहा घेऊन आली, तिनं खुर्चीकडं बघितलं आन् मीटिंग सोडून खाली गादीवर बसली.

बघितला सगळा. ती पोरगी दारातनं गेली की न्हाई, ते बघितलं. काळ्या सुटला का, तेही बघितलं. आपल्या दोघांत कोण बरोबर होतं, त्याचाही निकाल लागला.

तुम्ही डब्यात होतासा, तुम्हाला काय दिसलं नसणार. इरा सांगायला निघाली होती, मी तिच्या तोंडावर हात ठेवला. ते मी तुम्हाला पंचगंगेवर सांगणार, पाण्यात उभी राहून. तोवर मनात घोळवत बसा. मी सांगितल्याशिवाय तुम्हाला कुठं जाता यायचं न्हाई, आन् तुम्हाला सोडून मला जाता यायचं न्हाई. आता खरी किल्ली माझ्याकडं हाय.